दोन क्रेडिटच्या मुली आणि वस्तीतल्या बाया

(मानसशास्त्राच्या विद्यार्थिनींना कामासाठी घेणाऱ्या संघटनांच्या बैठकीतील भाषण)



२०२० सालच्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत समाजात जाऊन करायच्या कामाला क्रेडिट मिळू लागलं. दोन क्रेडिट म्हणजे साठ तास. त्यामुळे मानसशास्त्राच्या मुली आपल्या दारात उभ्या राहतात, हातात कॉलेजचं पत्र आणि नवी कोरी वही. आपल्यातल्या काहीजणी वैतागतात, ‘यांना सांभाळायचं की काम करायचं?’ वैताग रास्त आहे. आम्हा एमएसडब्ल्यूवाल्यांना दोन वर्षं फील्डवर्क असतं, तरी वस्ती ओळखीची व्हायला पहिलं सत्र जातं. तरीही या मुलींना घ्या, असंच मी सांगणार आहे.

त्या वर्गातून काय घेऊन येतात? नैराश्य मोजायची बेकची प्रश्नावली, १९६१ सालची, एकवीस प्रश्नांची. झोप कशी आहे, थकवा येतो का, स्वतःला दोष देता का. उत्तरांची बेरीज केली की आकडा निघतो. आमच्याकडच्या एका मुलीनं झोपेचं विचारलं, तर एक बाई म्हणाली, “पाणी साडेतीनला येतं, झोपू कधी?” दुसरी म्हणाली, “तो पिऊन येतो. तो झोपल्याबिगर मी डोळा कसा लावू?” दोघींचे गुण सारखेच. संध्याकाळी मुलीनं विचारलं, “ताई, पाणी आणि नवरा बेरजेत कुठं धरायचे?” हा प्रश्न तिला परीक्षेत कुणी घातला नसता.

शिवाय ‘मी उदास आहे’ असं वस्तीत कुणी म्हणत नाही. जीव घाबरतो, हातपाय गळतात, डोक्यात मुंग्या येतात, असं बाया सांगतात. हे ऐकायला शिकलेली मुलगी घरी जाते तेव्हा आईची कंबरदुखीही वेगळी ऐकू येते. आमच्या गटचर्चेत वस्तीचं बोलणं सुरू होतं आणि अर्ध्या तासात मुली आपापल्या घरांवर येतात. एक सांगत होती, “आज उशीर होईल असं मी घरी सांगितलं. विचारलं नाही.” सबलीकरण हा शब्द आपण फार वापरून गुळगुळीत केलाय, पण मला त्याचा अर्थ हाच दिसतो.

या कामाला आपल्याकडे वाट आहे. २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. केसपेपरवर ‘चुकून विष पोटात गेलं’ असं लिहिलेल्या बाईला, घरात मारहाण होते का, हे तिथं विचारलं जाऊ लागलं. अशी बाई पोलिसांना घाबरलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. वीस वर्षांच्या मुलीला हे नीट माहीत असलं, तर तिच्या पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी प्रकरणांपेक्षा ते त्या खाटेजवळ उपयोगी पडतं.

आता अटी. वस्ती म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. आमच्याकडे पहिले वीस तास प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढायची नाही. अंगणवाडीत बसा, रेशनच्या रांगेत उभ्या राहा. कॉलेजला जाणाऱ्या वहीत बाईचं नाव, गल्ली, नवऱ्याचा धंदा, काही यायला नको. हिंसेच्या केसमध्ये मुलीनं एकटीनं सल्ला द्यायचा नाही, कार्यकर्ती सोबत हवीच. आणि साठ तास संपले की निरोप घेऊन जायचं. बाया मन मोकळं करतात आणि पोरगी पुढच्या आठवड्यात गायब, हे आपण खूप सोसलं.

प्राध्यापकांनीही महिन्यातून एकदा वस्तीत यावं, असा आमचा आग्रह असतो. काही येतात. काहींना सही आणि शिक्क्यातच रस असतो, त्यांच्या मुली घ्यायच्या का, हे आपण ठरवलं पाहिजे.

एका मुद्द्यावर आमचं कॉलेजांशी अजून भांडण आहे. मुलीला गुण देताना वस्तीतल्या बायांचं मत विचारायचं. कॉलेजं म्हणतात, नियमात बसत नाही. जूनमध्ये नवी करारपत्रं होतील, त्यात ही अट सगळ्यांनी मिळून घालायची का, हे जेवणानंतरच्या बैठकीत ठरवू.