सभेची तारीख कोण ठरवतो?

मला या परिषदेच्या अध्यक्षपदी बसवलेत. या खुर्चीवर माझ्याआधी माझ्याहून शिकलेली माणसे बसून गेली, हे मला ठाऊक आहे.

विषय आहे स्थानिक मंडळीच्या सुवार्ता सभांचे नियोजन आणि पूर्वतयारी. चिटणीसांनी मला मुद्दे काढून दिले आहेत: प्रार्थना, अंदाजपत्रक, परवानग्या, प्रचार, वक्ता, संगीत, पाठपुरावा. सगळ्यांचा आढावा घ्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. घेतो.

प्रार्थनेबद्दल इथे कुणाला काही शिकवायची गरज नाही. सभेआधी महिनाभर वस्तीवस्तीवर घरगुती प्रार्थना चालल्या पाहिजेत, आणि त्या सभेच्या यशासाठी नव्हे तर शेजाऱ्यांची नावे घेऊन व्हाव्यात, एवढेच म्हणतो. अंदाजपत्रकात मंडप आणि ध्वनिक्षेपक यांवर अर्ध्याहून जास्त पैसा जात असेल, तर ते फाडून पुन्हा लिहावे. परवानगी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे या दोन्हींकडून लेखी घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला भोंगा बंद झाला पाहिजे. शेवटचे गीत राहिले असेल तर ते भोंग्याशिवाय म्हणावे. घटनेच्या कलम २५ने आपल्याला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण प्रसार करणे वेगळे आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. पत्रक छापायला टाकण्याआधी समितीतल्या प्रत्येकाला हे माहीत असावे. पत्रकावर हमखास रोगमुक्तीची जाहिरात करू नका. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा बाजूला ठेवला तरी, जे आपल्या हाती नाही त्याची हमी आपण देऊ नये. संगीताबद्दल सकाळच्या सत्रात पुरेशी भांडणे झाली.

वक्ता आणि पाठपुरावा पुढे ओघात येतील, बाकीचा झाला आढावा. आता मला जे बोलायचे आहे ते या मुद्द्यांत नाही. पाळकपदावर असताना प्रत्येक बैठकीत ते बोलायला मी उभा राहिलो आणि 'वेळेअभावी' बसवला गेलो. आज घड्याळ माझ्या हातात आहे. मला तारखेबद्दल बोलायचे आहे.

आपल्या सभा कधी होतात? डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. का? कुणालाही विचारा, तो म्हणेल, हवा चांगली असते. कुणासाठी चांगली? पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार, पाटोदा या पट्ट्यातल्या ज्या गावांत मी उमेदीची वर्षे काढली, तिथे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेकदा खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. भांडी, पत्र्याची पेटी, शेळी आणि धाकटे पोर गाडीवर चढते, घराला कुलूप लागते. हे लोक साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या काळात गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली शाळकरी मुले. आणि नेमक्या त्याच काळात आपण तिथे तीन रात्रींची सुवार्ता सभा घेतो.

अशा एका जानेवारीतल्या सभेचे चित्र सांगतो. मंडप रंगीत, खुर्च्या भाड्याच्या, कीबोर्ड पुण्याहून आलेला. पुढच्या रांगांत शेजारच्या मंडळ्यांमधून जीप भरून आलेले आपलेच लोक. त्यांना सुवार्ता पाठ आहे. मागे आज्या, त्यांच्या मांडीवर झोपलेली नातवंडे. वक्त्यांनी ज्यांना प्रभूकडे यायचे आहे त्यांना हात वर करायला सांगितले, तेव्हा शेजारच्या मंडळीच्या एका वडिलांनीही हात वर केला. त्यांचा बाप्तिस्मा माझ्या जन्माआधीचा. फोटो निघाला. वरच्या कार्यालयाला अहवाल गेला: उपस्थिती उत्तम, प्रतिसाद उत्साहवर्धक.

पुढच्या वर्षी सभा मेमध्ये घ्यावी, असे मी रीतसर लिहून कळवले. उत्तर आले की निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, आणि शिवाय वक्ते मे महिन्यात उपलब्ध नाहीत. मी उलट टपाली लिहिले, माझी मंडळी जानेवारीत उपलब्ध नाही. त्या पत्राला उत्तर आले नाही. माझी बदली झाली. दोन्हींचा संबंध जोडणार नाही, पण क्रम तोच होता.

ही थंडीची तारीख आली कुठून? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले, १८३१मध्ये नगरला आले. पुढे त्यांची दौऱ्यांची रीत बसली: पावसाळा सरला, ओढे उतरले, बैलगाडीची वाट सुकली की तंबू घेऊन खेडी फिरायची आणि उन्हाळा चढायच्या आत परतायचे. त्यांचे शहाणपण होते ते. उन्हाने आणि तापाने त्यांची माणसे पटापट मरत. आणि त्या काळी खेड्यातला माणूस थंडीत घरी असे, संध्याकाळी चावडीपुढे सापडे. मग १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात ठिकठिकाणी धुराडी उभी राहिली. गोऱ्या पाद्रीसाहेबांच्या सोयीचे महिने तेच राहिले, पण गाव त्या महिन्यांतून उठून उसाच्या फडात गेले. मिशनरी गेले, त्यांचे पंचांग आपण जपून ठेवले.

काही बंधू केरळचे उदाहरण देतात. मारामणची मोठी सभा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे आणि ती फेब्रुवारीत भरते. बरोबर. ती पंपा नदीच्या वाळवंटात भरते आणि फेब्रुवारीत पात्र उघडे पडलेले असते. तिथल्या लोकांनी तिथली नदी पाहून महिना ठरवला. आपण महिना उचलला, नदी तिथेच राहिली. कधी तारीख आपल्या हाताबाहेरच्या कारणाने चुकते, हेही खरे: १९५६च्या जानेवारीत अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम भारतात आले. नेमकी त्याच वेळी मुंबईच्या भवितव्यावरून शहर पेटले आणि त्यांची मुंबईतली सभा रद्द करावी लागली. ते कुणाच्या हातात नव्हते. पण ऊसतोड दर वर्षी येते, ठरल्या महिन्यात येते, आणि दर वर्षी आपल्याला तिचे नवल वाटते.

काल इथे वाद झाला की पावसाळ्यात सभा होऊच शकत नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे उज्जीवन झाले, ज्याची चर्चा जगभर झाली, ते जूनच्या अखेरीस सुरू झाले. मंडप नव्हता, बाहेरचा वक्ता नव्हता, मुली प्रार्थनेला बसल्या होत्या. आणि वारकऱ्यांकडे पाहा. लाखो माणसे आषाढात चिखल तुडवत पंढरपूरला जातात. गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह श्रावणात भरतो. गाव कधी मोकळे असते हे त्यांना ठाऊक आहे, कारण ते गावातच राहतात. आम्हाला मात्र वाटते, पाऊस आला तर खुर्च्या भिजतील. शाळेची पडवी मागा, आपल्या ख्रिस्ती देवळात सभा घ्या, पत्र्याच्या गोदामात घ्या. एका ऑगस्टमध्ये मी तूर साठवायच्या गोदामात सभा घेतली. वरून पत्र्याचा आवाज एवढा की मागच्यांना ऐकू येईना, म्हणून सगळे पुढे सरकून दाटीने बसले. तसे दाटीने बसलेले लोक मी कुठल्या मंडपात पाहिले नाहीत.

मेबद्दल हरकत अशी की ऊन असते आणि लग्ने असतात. ऊन रात्री आठला नसते. लग्नांचे म्हणाल, तर लग्नाला गावची सगळी माणसे आलेली असतात, हीच तर सोय.

पण फडावर गेलेल्यांचे काय, असे कालच एका भगिनींनी विचारले. सभेतला सर्वांत चांगला प्रश्न तो होता आणि तो चहाच्या गडबडीत वाहून गेला. मी कारखान्याच्या गाडीतळावर, ऊसतोड मजुरांच्या मुक्कामी, जात असे. पाचटाच्या कोप्या, भोवती वाढ्यांच्या पेंड्या, बैल. मंडळी मध्यरात्रीनंतर केव्हाही फडात जातात, संध्याकाळी मोडून येतात. अशा माणसाला तासभर उपदेश देणे म्हणजे छळ. म्हणून मी कारखान्याची गव्हाण, जिथे ऊस टाकतात ती, बंद असायची त्या दिवसाची वाट पाहायचो. मशीन बिघडले किंवा साफसफाईला थांबले की त्यांना सुट्टी. अशा एका दिवशी चुलीपुढे बसलेली बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "पाळकसाहेब, आज गव्हाण बंद हाय म्हणून तुमचं बोलणं कानात शिरतंय. न्हाईतर बसल्या जागी डोळा लागतो बगा." तिच्या भाकऱ्या होईपर्यंत जेवढे बोलता आले तेवढे बोललो. ती सभा कुठल्या अहवालात नाही.

आणि हा प्रश्न ऊसतोडीपुरता नाही. मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणी असते. बायका दिवसभर वाकून परततात, सातच्या सभेला नऊला येतात. शेतीची वीज काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री येते. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात सभा ठेवली तर गावातला प्रत्येक धडधाकट माणूस पाण्याची दारे धरायला शेतात. महावितरणचे वेळापत्रक पाहून सभा ठरवणारी एक तरी समिती इथे आहे का? हात वर करा. नाही. आठवडे बाजार, जत्रा, दहावी-बारावीची परीक्षा, सगळे मिळून वर्षात फार थोडे दिवस उरतात. ते शोधणे हीच पूर्वतयारी. मी तर म्हणेन की बाकीची तयारी त्यानंतरची आणि सोपी.

पाठपुराव्याबद्दल आज दिवसभर हळहळ चालली आहे. निर्णयपत्रिका भरून घेतो, मग माणसे सापडत नाहीत. कशी सापडतील? फेब्रुवारीत ज्यांची नावे लिहिली ते शेजारच्या मंडळीचे होते. मेमध्ये सभा घ्या. ज्याला पुढे ऐकायचे आहे तो दसऱ्यापर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर असतो. चार-पाच महिने हाती आहेत, त्याला नीट शिकवा, त्याच्या शंका ऐका. घाईने कुणाचा बाप्तिस्मा उरकण्याची गरजच उरत नाही.

वक्ता बाहेरचा की स्थानिक, या वादात मी एका वाक्यात पडतो: ज्याच्या डायरीसाठी गावाला थांबावे लागते तो वक्ता नको. आपल्याकडे याचा तोडगा जुना आहे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले, रेव्हरंड टिळकांनी त्याला बळ दिले. एक कीर्तनकार, पेटी, तबला, झांजा. गाव म्हणेल त्या रात्री उभा राहतो. त्याला विमानाचे तिकीट लागत नाही, कीबोर्डही लागत नाही. कीर्तन आम्ही जुनाट म्हणून टाकले, आणि मग तारीखही आमच्या हातातून गेली.

'आता सभा मोबाईलवर घ्या,' असे तरुण मित्र सांगतात. घ्या. फडात मोबाईल असतो, रेंजही असते, जाग नसते.

पुढे काय करावे, हे अध्यक्षाने सांगावे अशी प्रथा आहे. प्रत्येक मंडळीने एक हंगामवही ठेवावी: कोण केव्हा जातो, केव्हा येतो, बाजार कधी, जत्रा कधी, वीज कधी. नमुना कुणीतरी तयार करावा. मला जमला तर मीही पाहीन. गाडीतळांसाठी फिरते सुवार्तिक नेमावेत. त्यांच्या पगाराचे काय, ते कोषाध्यक्ष सांगतील, मला माहीत नाही. कीर्तनाचे वर्ग नगरला किंवा जालन्याला सुरू व्हावेत. निधीची ३१ मार्चची अट काढावी, असा ठराव संध्याकाळी मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

आणखी एक. पुढच्या वर्षीच्या या परिषदेची तारीख आज रात्री कार्यकारिणी ठरवणार आहे. आज जानेवारीची अठरा तारीख. सभागृहात पाथर्डी-आष्टीकडच्या मंडळ्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि त्या मंडळ्यांना 'गैरहजर' म्हणून नोंदवले आहे. ती नोंद खोडावी. परिषद मेच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावी. ती पुन्हा जानेवारीतच ठरली, तर मला पत्रिका पाठवू नये.