अंदाज सांगणारा कॅप्टन

परवा माझा फोन म्हणाला, पाऊस नाही. छत्री घरीच ठेवली आणि स्टेशनला पोचेपर्यंत चिंब भिजलो. भरपूर शिव्या घातल्या. मग रॉबर्ट फिट्झरॉयबद्दल वाचलं आणि जरा गप्प झालो. आजचा एपिसोड त्याच्यावर.

ब्रिटिश नौदलातला अधिकारी, जन्म १८०५चा. डार्विनला घेऊन १८३१मध्ये निघालेल्या 'बीगल' जहाजाचा कॅप्टन तो हाच. तेव्हा वय फक्त २६! पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला, तिथून परत बोलावलं गेलं. ते सोडून देऊ. माझ्या मते त्याचं खरं काम त्यानंतरचं.

१८५४मध्ये सरकारने त्याला हवामानाच्या नोंदी गोळा करायचं एक छोटं खातं दिलं. तसं कारकुनी काम. पण ऑक्टोबर १८५९मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारं 'रॉयल चार्टर' जहाज, अगदी घराजवळ पोचून, वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. साधारण ४५० माणसं गेली. फिट्झरॉयचं म्हणणं साधं होतं: वादळ सरकत सरकत येतं, आणि तार त्याच्या आधी पोचते. मग सांगायचं का नाही?

फेब्रुवारी १८६१मध्ये इशारे सुरू झाले. लंडनहून तार आली की बंदरात खांबावर शंकू आणि ढोलासारख्या खुणा चढवायच्या, रात्री कंदील. (कोकणातल्यांनो, आपला 'तीन नंबरचा बावटा' याच कुळातला!) ऑगस्टपासून 'टाइम्स'मध्ये रोजचा अंदाज छापून यायला लागला. 'फोरकास्ट' हा शब्द त्यानेच निवडला. हे भविष्य नव्हे, असं तो बजावायचा. आपला 'अंदाज' त्याला फार आवडला असता बघा.

लोकांनी मात्र ते भविष्य म्हणूनच वाचलं. चुकलं की टिंगल. शास्त्रज्ञ म्हणाले, याला पक्का सिद्धांतच नाही. खुद्द 'टाइम्स'ही टोमणे मारायला लागला. त्यात नैराश्य, कमी झालेलं ऐकू येणं, आणि सरकारी कामात स्वतःचा पैसा घालून झालेलं कर्ज. ३० एप्रिल १८६५ला, रविवारी सकाळी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. कुटुंबासाठी मदत गोळा झाली, तेव्हा ज्याच्याशी कडाक्याचे मतभेद झाले होते त्या डार्विननेही १०० पौंड दिले.

१८६६मध्ये अंदाज बंद झाले, इशारेही. पण ज्यांचा जीव समुद्रावर होता त्यांनी मागणी लावून धरली, आणि १८६७मध्ये इशारे परत सुरू करावे लागले. रोजचा अंदाज पेपरात परत यायला मात्र १८७९ उजाडलं.

बीबीसी रेडिओवर बोटींसाठी हवामानाचं बातमीपत्र असतं. त्यातल्या समुद्राच्या एका पट्ट्याला २००२पासून 'फिट्झरॉय' म्हणतात.

छत्री आता बॅगेतच असते. भेटू पुढच्या एपिसोडला!