शुद्ध पाण्यावर वाढलेली मुले आणि कावीळ

(मालाड येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पावसाळ्यातील कावीळ मुंबईला नवी नाही. बदलले आहे ते रुग्णाचे वय आणि त्याचे घर. दूषित अन्नपाण्यातून येणारा हिपॅटायटिस 'अ'चा विषाणू सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत आला-गेला तरी कळत नाही. डोळे पिवळे होत नाहीत आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मात्र मिळते. तोच विषाणू पंधराव्या वर्षी प्रथमच भेटला, तर बहुतेकांना कावीळ होते आणि क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने १९८२ ते १९९८ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा सुखवस्तू घरांतील अधिकाधिक मुले या संसर्गाविना मोठी होत असल्याचे आढळले. म्हणून मुलांना गढूळ पाणी पाजावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये!

आपल्या घरी पाणी गाळण्याचे यंत्र असते. पण क्लास सुटल्यावर मालाड स्टेशनबाहेर पाणीपुरी किंवा बर्फाचा गोळा खाणाऱ्या मुलासोबत ते जात नाही. शिवाय नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ते बंद झाले की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. आपल्या इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, हे सोसायटीच्या सभेत अवश्य विचारावे.

संसर्गानंतर लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. त्यामुळे "काल काय खाल्लेस?" या प्रश्नाला अर्थ नसतो. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे. मग गडद लघवी.

येथे आपली माणसे माळ घालायला किंवा कावीळ उतरवायला धावतात. चुन्याच्या पाण्यात हात धुताच पाणी पिवळे होते, ते हाताला आधी लावलेल्या सालीच्या रसामुळे. ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. उसाचा रसही औषध नव्हे. रस्त्यावरच्या रसातील बर्फ हेच कदाचित रोगाचे मूळ असते. मूल दिवसा झोपून रात्री जागू लागले, असंबद्ध बोलू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

बाळाच्या कार्डावर 'हिपॅटायटिस' हा शब्द पाहून पालक निश्चिंत होतात. ती लस 'ब'ची. 'अ'ची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ती बालरोगतज्ज्ञांकडे विचारून, पदरचे पैसे खर्चून घ्यावी लागते. घरात एकाला ही कावीळ झाल्यास पूर्वी लस न घेतलेल्या इतरांनाही संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत ती देता येते. मात्र डोळे पिवळे होण्याच्या आधीपासूनच रुग्णाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून हे दिवस निदानापासून मोजू नयेत.