हातातला फोन आणि खिशातलं लायसन

(भिवंडी येथे वाहनचालक, गोदाम-कामगार आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाडी चालवताना फोन वापरू नका, एवढंच सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. समोर रिक्षावाले बसलेत, गोदामांचे टेम्पो चालवणारे बसलेत, दारोदार पार्सल पोहोचवणारी पोरं बसलीत. रस्ता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. मला बोलायचं आहे कायद्याबद्दल. तो कुठे थांबतो आणि नेमका कुणाला पकडतो, याबद्दल.

आधी आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. 2021 साली देशात रस्त्यांवर 1,53,972 माणसं मेली. त्यातली फोनच्या वापरामुळे किती? अहवाल म्हणतो, 1,040. शंभरात एकसुद्धा नाही. तुम्ही हसताय, आणि हसणं बरोबरच आहे. कुठल्याही नाक्यावर दहा मिनिटं उभं राहा, मग सांगा.

हा आकडा कुणी मुद्दाम लपवलाय असं मी म्हणत नाही. अपघात झाला की पंचनामा होतो. गाडी कुठे पडली, ब्रेकच्या खुणा कुठे आहेत, हे मोजलं जातं. तोवर फोन खिशात गेलेला असतो. कारणाच्या रकान्यात 'अतिवेग' लिहिलं की काम झालं. त्याच अहवालात सुमारे 70 टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. आता हिशेब करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर 80 मीटरहून जास्त अंतर तुम्ही आंधळ्यासारखे गेलात. त्या 80 मीटरात पोर आडवं आलं, तर कारण वेग लिहायचं की फोन?

म्हणून माझी पहिली मागणी तपासाची आहे. जीव गेला किंवा माणूस कायमचा जायबंदी झाला, अशा प्रत्येक अपघातात चालकाचा फोन त्या वेळी वापरात होता का, हे कंपनीच्या नोंदीवरून तपासलं जावं. इतर गुन्ह्यांत पोलीस कॉलच्या नोंदी मागवतातच. मात्र इथे फक्त त्या दहा-पंधरा मिनिटांची नोंद हवी. फोन चालू होता की नाही, एवढंच. अख्खा फोन उघडून पोलिसांच्या हातात द्यायला माझा विरोध आहे, आणि तो का आहे हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्यात हातात फोन धरून वापरणं स्पष्ट शब्दांत घातलं. हे स्पष्ट शब्द फार लागतात बरं का. 2018 मध्ये केरळ हायकोर्टाने म्हटलं की त्या राज्याच्या पोलीस कायद्यात गाडी चालवताना फोनवर बोलण्याची थेट मनाई नाही, त्यामुळे निव्वळ बोलला म्हणून त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या हायकोर्टात एक माणूस सुटला. तो चालत्या गाडीतून दुसऱ्यांच्या अपघाताचा व्हिडिओ काढत होता, आणि तिथला कायदा फक्त संभाषण आणि संदेश यांबद्दल बोलत होता. ब्रिटनने ही फट मार्च 2022 मध्ये बुजवली. आता तिथे फोन हातात घेऊन फोटो काढला किंवा गाणं बदललं तरी 200 पौंड दंड आणि लायसनवर सहा गुण. नव्याने लायसन काढलेल्याचं तर लायसनच जातं.

आपल्याकडे कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000. ऐकायला जबर आहे. पण फोनचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, म्हणजे ठरलेली रक्कम भरली की कोर्टात जायला नको. महाराष्ट्राने या वाढीव रकमा लागू करायलाच डिसेंबर 2021 उजाडवला. दुचाकीला 1,000 आणि चारचाकीला 2,000. एसी गाडीत बसून फोनवर सौदा करणाऱ्याला दोन हजार म्हणजे काय? आणि दिवसाला सातशे-आठशे हातात पडणाऱ्या पार्सलवाल्याला हजार म्हणजे काय? दंड वाढवा, आणखी वाढवा, असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं.

दंड भरला की संपलं, असा आपला समज आहे. कायदा तसं म्हणत नाही. तडजोड केली तरी तो पहिला गुन्हा म्हणून मोजायचा, असं कलम 200 मध्येच लिहिलंय. आणि कलम 206 सांगतं की कलम 184 चा गुन्हा दिसला तर पोलिसाने लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं. दंड भरल्याने त्या कारवाईतून सुटका होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या रस्ते सुरक्षा समितीने तर ऑगस्ट 2015 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा. म्हणजे हत्यार आहे, ते म्यानातून निघत नाही.

माझ्या मते जरब बसते ती हमखास पकडलं जाण्याची. शिक्षेचा आकडा मोठा केल्याने काय होतं हे जानेवारी 2024 मध्ये पाहिलं. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद आली, ट्रकवाले संपावर गेले आणि ते पोटकलम सरकारने बाजूला ठेवलं. उलट ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 2019 पासून फोन टिपणारे कॅमेरे लावले. पहिले तीन महिने फक्त ताकीद, मग दंड. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरही कॅमेरे आलेत. कॅमेरा ओळखपाळख बघत नाही आणि चिरीमिरीही घेत नाही. पण चलन वेळेत पोहोचलं पाहिजे आणि तक्रार ऐकणारं कुणी असलं पाहिजे. नाहीतर लोक चलन साठवत राहतात आणि लोक अदालतीत सूट मिळायची वाट बघतात.

लायसन निलंबनाचा विषय निघाला की रिक्षावाले भाई विचारतात, तीन महिने चूल कशी पेटवायची? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला पहिल्या वेळी निलंबनाऐवजी प्रशिक्षण आणि समाजसेवा द्यावी. समाजसेवेची सोय तडजोडीच्या कलमात आधीच आहे. दुसऱ्यांदा सापडला तर निलंबन, आणि तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. मागच्या सीटवर शाळेची पोरं बसलेली असतात.

पण फोन वाजवतो कोण, हे कुणी विचारत नाही. गोदामाचा सुपरवायझर दर अर्ध्या तासाला विचारतो, 'कुठे पोहोचलास?' टेम्पो हायवेवर आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ॲपवर नवी ऑर्डर येते, काही सेकंदांत बोट लावलं नाही तर ती दुसऱ्याला जाते. पोरगं सिग्नलची वाट बघत नाही, चालत्या गाडीवरच बोट लावतं. चलन त्याच्या नावावर. वेळ वाचला तो कंपनीचा.

यावर कायद्यात काहीच नाही असं समजू नका. कलम 183 मध्ये नोकराला जास्त वेगाने गाडी चालवायला लावणाऱ्या मालकाला शिक्षा आहे. कलम 199 अ मध्ये अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कलम 188 म्हणतं की कलम 184 च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल, त्याला तीच शिक्षा. ड्रायव्हर गाडी चालवतोय हे माहीत असून त्याला फोन उचलायला भाग पाडणारा मालक याखाली का येऊ नये? वेगासाठी मालक जबाबदार, तर फोनसाठीही तसं स्पष्ट पोटकलम घाला, ही माझी दुसरी मागणी. आणि गाडी चालत असताना ॲपने ऑर्डर समोर आणूच नये. गाडी चालतेय की थांबलीय, हे ॲपला आपल्याआधी कळतं.

कानात हेडफोन घालणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. टोरांटोतल्या डॉक्टरांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचं दिसलं नाही. आपला कायदा मात्र फक्त हातातल्या फोनवर बोलतो. रस्ता पाहण्यापुरता नकाशा लावायला 2020 पासून मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. नकाशा निघण्याआधी लावा.

आता कामाचं. मागच्या टेबलावर माहिती अधिकाराचे कोरे अर्ज ठेवलेत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, दहा रुपये फी. पोलिसांना विचारा, गेल्या वर्षी फोनच्या गुन्ह्यात किती लायसनं आरटीओकडे पाठवली. आरटीओला वेगळ्या अर्जात विचारा, त्यातली किती निलंबित झाली. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन्ही उत्तरं आली की ती शेजारी-शेजारी ठेवून आपण पुन्हा इथेच बसू. सुपरवायझर मंडळींनाही बोलावू, फक्त त्यांना फोन करण्याआधी ते गाडीवर नाहीत ना, एवढं बघा.