फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी : स्वागताध्यक्षीय भाषण

ठिकठिकाणच्या ऑपरेशन थिएटरांतून आलेले सर्जन, प्रयोगशाळांतून आलेले शास्त्रज्ञ आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभे असलेले रेसिडेंट डॉक्टर मित्रहो,

आधी मागच्यांसाठी. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. ‘राखीव’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मीच काढायला लावल्यात. या, बसा. सर्जनांना इम्युनॉलॉजीचं संशोधन कसं शिकवायचं, यासाठी आपण जमलोय, म्हणजे ही परिषद मुळात तुमची आहे.

स्वागताध्यक्षानं गावाचा मोठेपणा सांगायचा, अशी रीत आहे. पुणेकराला त्यासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. तरी शनिवारवाडा आणि मिसळ या दोन्ही गोष्टी वगळतो आणि एका नाकाची हकिगत सांगतो. कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभरानं पुण्याजवळ कुंभार समाजातल्या एका कारागिरानं त्याचं नाक नव्यानं केलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्यानं माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांमधला दुवा न तोडता ती खाली वळवली. टाके घातले नाहीत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या वर लावल्या. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला.

त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्यानं कातडी त्याच माणसाच्या कपाळाची घेतली, शेजाऱ्याची घेतली नाही. का, हे त्याला सांगता आलं नसतं. हाताला माहीत होतं.

हे ‘का’ सुटायला दीडशे वर्षं लागली आणि ते सुटलं ग्लासगोच्या जळितांच्या वॉर्डात. दुसरं महायुद्ध चालू होतं. टॉमस गिब्सन हा सर्जन आणि पीटर मेडावर हा ऑक्सफर्डचा प्राणिशास्त्रज्ञ, असे दोघं एका भाजलेल्या बाईच्या खाटेपाशी उभे होते. तिच्या जखमेवर तिच्या भावाच्या कातडीचे बारीक तुकडे लावले होते. काही दिवस ते धरले, मग गळून गेले. पुन्हा त्याच भावाची कातडी लावली, तर ती पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर गेली. म्हणजे शरीरानं पहिली भेट लक्षात ठेवली होती. कातडी धरत नाही तो सर्जनच्या हाताचा दोष नसून रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचं काम आहे, हे त्या दोघांच्या १९४३च्या निबंधानं दाखवलं. मेडावरला पुढे १९६०मध्ये नोबेल मिळालं. गिब्सनचं नाव आज आपल्यातल्या किती जणांना आठवतं, हे हात वर करायला सांगून मी तपासणार नाही.

मला यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती नोबेलची नाही. प्रश्न वॉर्डात होता, सूक्ष्मदर्शक दुसऱ्याकडे होता आणि दोघं काही आठवडे एकाच खाटेपाशी उभे राहिले. आपल्याकडे हे उभं राहणं घडत नाही.

आता थोडी कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेतली एक तरुण संशोधिका माझ्या ओटीबाहेर थर्माकोलचा डबा घेऊन सकाळी आठपासून बसली होती. आतड्याच्या कर्करोगाची गाठ काढायची होती आणि तिला त्या गाठीचा नखाएवढा तुकडा हवा होता, जिवंत पेशींसकट. रुग्णाची संमती, एथिक्स कमिटीची परवानगी, सगळं झालं होतं. दोन वाजता गाठ निघाली. मी हात पुढे केला, सिस्टरनं नेहमीप्रमाणे बरणी धरली, मी नेहमीप्रमाणे गाठ बरणीत टाकली. फॉर्मॅलिनची बरणी. बाहेर येऊन मी तिला म्हणालो, ‘‘घ्या, झालं तुमचं काम.’’ तिनं बरणीकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि ‘थँक यू सर’ म्हणून निघून गेली. डब्यातला बर्फ तेवढा वितळला होता.

फॉर्मॅलिन पॅथॉलॉजीसाठी लागतं आणि निदानाचा वाटा नेहमी आधी, याबद्दल वाद नाही. पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरते. तिचं रूप राहतं, वागणं संपतं. इम्युनॉलॉजीला वागणंच हवं असतं : ही टी पेशी गाठीत शिरून लढत होती की नुसती बसून होती? बर्फावर, पोषक द्रवात ठेवला तर तोच तुकडा काही तास जिवंत राहतो. गाठ सुटल्यापासून बरणीत पडेपर्यंतचा तो मिनिटभराचा वेळ फक्त सर्जनच्या हातात असतो आणि त्या मिनिटाबद्दल आपल्या एमएसच्या तीन वर्षांत कुणी अवाक्षर काढत नाही.

स्टीव्हन रोझेनबर्ग या अमेरिकन सर्जनचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. १९६८मध्ये, रेसिडेंट असताना, त्याच्यापुढे एक माणूस पित्ताशयाच्या दुखण्यासाठी आला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या जठरात कर्करोग होता, यकृतात पसरलेला. पोट उघडून, सगळं निघत नाही म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्गनं पित्ताशय काढताना यकृत हातानं चाचपलं. कर्करोग नव्हता. उपचाराशिवाय गेला होता. दुसऱ्या कुणी केसपेपरवर ‘आश्चर्य’ लिहून पुढचा रुग्ण बोलावला असता. यानं आयुष्य त्यामागे घातलं. रेसिडेन्सीच्या मध्ये वेळ काढून त्यानं हार्वर्डला बायोफिजिक्समध्ये पीएचडी केली होती, ती कामी आली. काढलेल्या गाठीत शिरलेल्या लसिका पेशी वेगळ्या करायच्या, बाहेर वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या, ही पद्धत त्याच्या गटानं १९८८मध्ये मेलॅनोमाच्या रुग्णांत वापरून दाखवली. त्या वाटेवरचा पहिला उपचार अमेरिकेत मंजूर झाला फेब्रुवारी २०२४मध्ये. मध्ये छत्तीस वर्षं गेली. आणि या उपचाराची पहिली पायरी आजही तीच आहे : सर्जननं गाठ जिवंत काढून द्यायची.

आपल्याकडेही काही कमी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेल्या कार-टी या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. तो रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, पेशी रक्तातून घेतल्या जातात, तिथे सर्जनवाचून अडत नाही. घट्ट गाठींच्या कर्करोगात मात्र हे तंत्र अजून अडखळतं आणि गाठीच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही. म्हणजे पुन्हा आपली बरणी.

मग अडतं कुठे? हुशारीत नाही. वेळेत. आमचा रेसिडेंट थीसिस लिहितो तो कॉलच्या रात्री तीन वाजता, दोन इमर्जन्सींच्या मध्ये, एक्सेल शीट भरत. विषय असतो हर्नियाच्या दोन जाळ्यांची तुलना, कारण मार्गदर्शकाचाही तोच होता. अमेरिकेत अनेक ठिकाणी सर्जरीचे रेसिडेंट मध्येच एक-दोन वर्षं चाकू खाली ठेवून प्रयोगशाळेत जातात. आपण एक वर्ष मागितलं की ‘मग वॉर्ड कोण बघणार’ हा प्रश्न येतो. प्रश्न खोटा नाही, मीही तो विचारलेला आहे. पण प्रत्येक सर्जननं संशोधक व्हावं असं मी म्हणतच नाही. ज्या थोड्यांना ती खाज आहे त्यांना वर्ष मिळावं आणि बाकीच्यांना बरणी ओळखता यावी.

शास्त्रज्ञ मित्रांनाही एक सांगणं आहे. ससून रुग्णालयापासून विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र गणेशखिंडीला रहदारी नसेल तर वीस मिनिटांवर आहे. गणेशखिंडीला रहदारी नसल्याचं मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही या. डबा घेऊन बाहेर बसू नका, कपडे बदलून आत या. गाठ कुठून, कशी सुटते, रक्तपुरवठा कधी बांधला जातो, हे पाहिल्याशिवाय तुमच्या आकड्यांत गडबड का येते ते कळणार नाही.

ती संशोधिका आज या सभागृहात आहे. उद्या सकाळची कार्यशाळा तीच घेणार आहे. सर्जनांच्या हाती पिपेट देणार आहे आणि मी पहिल्या बाकावर बसणार आहे.

आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत. जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे, चहा सतत चालू राहील. आणि इथे बसलेल्या विभागप्रमुखांना हात जोडून एकच विनंती : हे तीन दिवस वॉर्डातून रेसिडेंटना फोन करू नका. वॉर्ड तुम्ही बघा.