पिंपातलं पाणी आणि बोटभर मासा

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होड्या ओढलेल्या असतात. दाराशी गोड्या पाण्याची पिंपं भरलेली असतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. गटाराकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, पण हा डास आपल्या झाकण नसलेल्या पिंपात वाढतो!

1990 च्या दशकात गोव्यात संशोधकांनी याच डासावर प्रयोग केले. साठलेल्या पाण्यात त्यांनी अळ्या मारणारे जिवाणू फवारले आणि ॲप्लोकायलस नावाचे इथलेच छोटे मासे सोडले. अळ्या घटल्या, मलेरियाचे रुग्णही घटले. हा मासा मला फार मोलाचा वाटतो. ॲनॉफिलिसची अळी श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, आणि या माशाचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागावरच चरतो. माशांची पारख तुम्हा कोळी बांधवांइतकी कुणाला?

विहिरीत सोडायला असे मासे मिळतील का, ते आरोग्य केंद्रात विचारा. पिंप मात्र आठवड्यातून एकदा रिकामं करा, आतून घासा, कोरडं करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. होडीत साचलेलं पावसाचं पाणीही त्याच दिवशी उपसून टाका.