गाळलेल्या जागा



इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘योग्य शब्द घालून रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न दिसला, की विद्यार्थ्यांना हायसे वाटते. निबंध नाही, पत्र नाही. एकच शब्द लिहावयाचा. लागला तर गुण, चुकला तर गेला. पालकही या प्रश्नाकडे नशिबाचा खेळ म्हणूनच पाहतात. परंतु तो नशिबाचा खेळ नसून विचाराची कसोटी आहे. आणि प्रसंगी ती शिक्षकाचीही कसोटी ठरते, हे मला सावरगावच्या एका मुलाने शिकविले.

ही पद्धत बरीच जुनी आहे. १८९७ च्या सुमारास एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरात शाळकरी मुलांपुढे शब्द गाळलेले उतारे ठेवले होते. पुढे १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर यांनी, ठराविक अंतरावरचे शब्द गाळून उतारा वाचकास कितपत सुगम आहे हे मोजण्याची रीत मांडली. अपुऱ्या वाक्यावरून पुरे वाक्य उभे करणे हा मनाचा धर्मच आहे, हे दोघांनीही ओळखले होते.

मग आमची मुले अडखळतात कोठे? पांढुर्णा-सौंसरचा हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील मुलाच्या घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. आपण म्हणतो ‘सोमवारपासून’, आपणच म्हणतो ‘पाच दिवसांपासून’. हिंदीतही दोन्हीकडे ‘से’. इंग्रजी मात्र पहिल्या ठिकाणी ‘सिन्स’ मागते, दुसऱ्या ठिकाणी ‘फॉर’. काळाचा आरंभबिंदू सांगावयाचा की काळाची लांबी, हा भेद मुलाच्या दोन्ही भाषांनी कधी केलेलाच नाही. तो केवळ पाठ करून येत नाही, समजून घ्यावा लागतो. देवावर श्रद्धा ठेवणारे आपण ‘वर’ म्हणतो, म्हणून मूल ‘बिलीव्ह ऑन’ लिहिते. इंग्रजीत ते ‘बिलीव्ह इन’ आहे.

कधी एवढासा ‘अ’ सारा अर्थ फिरवितो. झाडावर ‘फ्यू’ संत्री आहेत, म्हणजे जवळजवळ संपलीच. ‘अ फ्यू’ आहेत, म्हणजे थोडीबहुत अजून आहेत. रिकाम्या जागेत यांपैकी काय घालावे? पुढे ‘म्हणून बाजारात जाण्याची गरज नाही’ असे असेल, तर उत्तर ‘अ फ्यू’. गाळलेल्या शब्दाचे साक्षीदार त्याच्या दोन्ही बाजूंस उभे असतात. म्हणून मी मुलांना सांगतो : आधी सारे वाक्य वाचा, तेथे नाम हवे, क्रियापद हवे की जोडणारा शब्द, ते ठरवा, साक्षीदारांना विचारा, मग शब्द घालून वाक्य मोठ्याने वाचा.

हे सारे मुलांना सांगणारा मी एकदा स्वतःच चुकलो. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला एक वाक्य दिले होते : ‘एव्हरी मॉर्निंग वुई वॉक’, मग रिकामी जागा, मग ‘द रिव्हर’. उत्तरपुस्तिकेत शब्द होता ‘टु’. एका मुलाने ‘अक्रॉस’ लिहिले. मी तांबडी फुली मारली. तो हळूच म्हणाला, “सर, आम्ही नदीपर्यंत नाही जात. नदी ओलांडूनच शाळेत येतो.” त्याचे घर सावरगावात, शाळा पांढुर्ण्यात, मध्ये जाम नदी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे जिचे नाव दूरवर गेले तीच. मी उत्तरपुस्तिका दाखविली आणि त्यास खाली बसविले.

त्यानंतर महिनाभर त्याने हात वर केला नाही. वही तपासावयास घेतली, तेव्हा त्याच्या रिकाम्या जागा रिकाम्याच होत्या. चुकीचे उत्तर सुधारता येते. उत्तर देणेच सोडलेल्या मुलाचे काय करावे?

दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य फळ्यावर लिहिले आणि सर्वांदेखत सांगितले, “याचे उत्तर बरोबर होते, चूक माझी होती.” मग वर्गाने आणखी शब्द शोधले. ‘टु’ने वाट नदीपाशी थांबली, ‘अक्रॉस’ने पलीकडे गेली, ‘अलॉन्ग’ने काठाकाठाने चालली. शेवटी मी वाक्यापुढे ‘पलीकडच्या शाळेत पोहोचण्यासाठी’ या अर्थाचे शब्द जोडले आणि विचारले, आता कोणता? सावरगावच्या त्या मुलाचा हात सर्वांत आधी वर गेला.

एकच उत्तर हवे असेल, तर वाक्यात साक्षीदार पुरेसे ठेवणे हे प्रश्न काढणाऱ्याचे काम आहे. तसे ते नसतील, तर बसणारा प्रत्येक शब्द मान्य केला पाहिजे. १५७९ साली गोव्यास आलेल्या इंग्लिश फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. परकी भाषा त्यांनी एवढी आपलीशी केली, ती काही उत्तरपुस्तिका पुढे ठेवून नव्हे.

पालकांना माझी विनंती एवढीच : मुलाची वही पाहताना फुल्या मोजू नका. ‘हा शब्द तू का लिहिलास?’ असे विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत ऐकून घ्या.